मळका मोजा

२९ सप्टेंबर

सकाळी कोरलीचा फोन. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी; मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना नावेतून नदीवर न्यायचा तिचा धंदा. तिचा एक नावाडी पाठ धरून बसलाय, दुसऱ्याला बायकोनं घराबाहेर पडायला बंदी केलीय, आणि नऊ तारखेपासून टॅमरॅक नदीवर तीन दिवसांची सफर ठरलेली. एकच म्हातारा आहे मावशी, म्हणाली, लाकडी नाव हवी म्हणतो आणि वल्ह्यावर तूच हवीस म्हणतो. मी एकाहत्तर वर्षांची बाई. माझ्यासाठी कोण एवढं अडून बसलंय म्हणून नाव विचारलं.

प्रेस्कॉट गेज.

हातातला बिडाचा तवा सिंकमध्ये पडला. काय पडलं गं, असं कोरलीनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, येते मी.

तेवीस वर्षं या माणसाला मी मनातल्या मनात बुडवतेय. थंडीत बुडवलाय, पुरात बुडवलाय, एकदा तर त्याच्याच लांब बुटांत पाणी भरून बुडवलाय. आता स्वतःच्या पायांनी माझ्या नावेत बसायला येतोय.

नीट लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी मन पातळ होणार नाही. ट्राऊट मासा धरायला गळावर लोकर आणि केस बांधून नकली माशी करतात. तशी एक माशी माझ्या नवऱ्याची, हार्लनची होती. म्हणायचं माशी, पण दिसायला बोटभर माशासारखी. आमच्या घरात तिला मळका मोजा म्हणायचे. पानं पिवळी पडायला लागली की तपकिरी ट्राऊट तिच्यावर अशी झडप घालायचा, जसं काही तिनं त्याचं घर बळकावलंय. आमच्या नदीवर मासेमारीला येणाऱ्या गेजनं ती मासेमारीच्या मासिकात स्वतःच्या नावानं छापली. आज अलास्कापासून न्यूझीलंडपर्यंत तिला ‘गेज’ म्हणतात. हार्लनचं नाव कुठंही नाही. हार्लन नऊ वर्षांपूर्वी गेला, त्याबद्दल चकार शब्द न काढता.

मला गेजचा जीव नको. जिथं छापलं तिथंच त्यानं छापून सांगावं, की माशी हार्लन टॉमलिनची आहे. आणि ते सांगण्याआधी तीन दिवस त्याला तळमळताना बघायचंय. एवढंच.

२ ऑक्टोबर

नावेला तेल लावलं. हात अजून वास मारताहेत. काम करता करता ती माशी कशी जन्माला आली ते आठवत राहिले.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा. लाकूडगिरणीत हार्लनचं मनगट मोडलं होतं. हात प्लास्टरमध्ये, माणूस घरात, आणि दिवसभर कटकट. त्याचं मन रमावं म्हणून मी ग्रंथालयातून माश्या बांधायचं पुस्तक आणलं आणि चित्रं बघून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. दुकानची लोकर पाण्यात गोळा होऊन पडायची. मग एकदा त्याचे मोजे धुताना लक्षात आलं. मोज्याची टाच बुटात घामानं आणि गाळानं वर्षानुवर्षं रगडून घोंगडीसारखी घट्ट होते, आणि ती उसवून पाण्यात सोडली तर धागा श्वास घेतल्यासारखा हलतो. रंगही नदीच्या तळाचाच. शेपटीला आमच्या बिस्किट कुत्रीचे केस घेतले. अकरा माश्या वाया गेल्या. बारावी न्हाणीघरातल्या टबात ओढून बघितली, ती पोहली. हार्लन टबाच्या कडेला बसला होता. म्हणाला, जरा जाड कर. मी बारीकच ठेवली.

हात सुटल्यावर तो ती नदीवर घेऊन गेला. त्या वर्षी त्यानं काढलेले मासे बघून गुत्त्यात लोकांनी विचारलं, कुणी बांधली? तो म्हणाला, मी. घरी येऊन मला हसत हसत सांगितलं, बायकोनं बांधलीय म्हटलं तर कुणी गळाला लावणार नाही गं. खरंच होतं ते. मीच म्हटलं, तूच सांगत जा. नवराबायकोत कसलं तुझं नि माझं.

म्हणून सांगते, ती हार्लनची माशी आणि गेज चोर.

आणि हार्लनचं मन किती मोठं बघा. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत गेजनं त्याला तीन आठवडे चिलीला नेलं होतं, तिथल्या नद्यांवर. रापून, गुणगुणत परत आला. दोन महिन्यांनी ते मासिक आलं. मी ते चुलीत घातलं. तो म्हणाला, जाऊ दे गं वर्ला. एवढी दगाबाजी होऊनही ‘जाऊ दे’ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

६ ऑक्टोबर

न्याहारीनंतर गॅसवर सहा गळ लाल केले आणि सावकाश निवू दिले. असं केलं की पोलाद मऊ पडतं. लहान मासा निघेल, पण मोठा लागला की गळ खिळ्यासारखा सरळ होणार. रंग निळसर झाला होता, त्यावर काजळी चोळली. मग त्यांवर मळके मोजे बांधायला बसले. हार्लनचे जुने मोजे मी टाकलेले नाहीत, पेटीत आहेत. बोटं आता जरा आखडतात, पण काही विसरलेली नाहीत.

तीनच बांधल्या. उरलेले तीन गळ कचऱ्यात टाकले. का, ते मला सांगता येणार नाही. चांगल्या धाग्याचं वाटोळं करतेय असं वाटलं असेल.

दुपारी मनात आलं, हे मला शोभतं का? म्हातारा असेल, ही त्याची शेवटची सफर असेल. मग म्हटलं, हार्लनचीही एक शेवटची सफर होती, आणि तेव्हा गुत्त्यातला एक पाहुणा त्यालाच सांगत होता की गेजसारखी माशी जगात नाही. हार्लन मान डोलवत बसला. मी बघितलंय ते. मन लगेच घट्ट झालं.

९ ऑक्टोबर, पहिला मुक्काम

आला. काठी टेकत आला. उंच होता तो वाकलाय, मिशी पांढरी, डाव्या डोळ्यात पाणी. मला वाटलं होतं बघताच तळपायाची आग मस्तकात जाईल. तसं काही झालं नाही. त्यानं हात पुढं केला आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

“वर्ला, हात कसे आहेत तुझे?”

म्हातारी वल्हवेल की नाही याची काळजी. मी म्हटलं, वल्ही मारण्यापुरते आहेत, मिस्टर गेज. तुम्ही तुमचे सांभाळा.

नावेच्या पुढच्या टोकाला बसून गळ फेकणाऱ्याला वाटतं मासा तो पकडतो. मासा पकडतो वल्हेवाला. नाव काठापासून किती दूर, प्रवाहाच्या किती विरुद्ध धरून तिला किती हळू सोडायची, यावर सगळं. मी आज दिवसभर नाव एक हात लांब ठेवली. फक्त एक हात. चांगल्या पाण्यापाशी आलं की एक झटका जास्त द्यायचा, माशी नीट बुडायच्या आत नाव पुढं. नवख्याला कळतही नाही. सकाळपासून उतरेपर्यंत त्याला एक मासा लागला नाही. मी मधूनमधून म्हणायची, हं, फेका, त्या ओंडक्यामागं आहे बघा मोठा. तो फेकायचा. एक हात कमी पडायची.

“खांदा गेला माझा,” तो म्हणाला, तेवढंच.

रात्रीच्या जेवणाला एल्क हरणाच्या मांसाचा राजमा घालून केलेला तिखट रस्सा होता. मुद्दाम खारट करणार होते. चमचाभर मीठ हातात घेतलं आणि परत डब्यात टाकलं. वैर त्याच्याशी आहे, रश्शाशी नाही. दोन वाडगे खाल्लेन.

१० ऑक्टोबर, दुसरा मुक्काम

आज सापळा लावला, आणि तो फुकट गेला.

या दिवसांत तपकिरी ट्राऊटच्या माद्या शेपटीनं तळाची खडी झाडतात आणि त्यात अंडी घालतात. परातीएवढे लख्ख गोल दिसतात उथळ पाण्यात. त्यावर मासा उभा असतो, आंधळ्यालाही सापडेल असा. त्यावर गळ टाकणाऱ्याचं तोंड आमच्या नदीवर कुणी बघत नाही. मी विचार केला, दीड दिवस हात रिकामा आहे, आता याची नियत फिरेल. नाव अगदी अलगद तिथं नेली. दोन मोठे मासे, पाठी पाण्याबाहेर. हातभरावर. गेजनं एकदा बघितलं. दोरी गुंडाळली आणि गळाची काठी मांडीवर आडवी ठेवली.

“संसारात आहेत ते,” म्हणाला. “पुढं घे.”

राग यायला हवा होता, आला नाही, म्हणून आणखी राग आला. दुपारभर नाव दीड हात लांब ठेवली.

संध्याकाळी शेकोटीपाशी तो स्वतःहून हार्लनबद्दल बोलायला लागला. चिलीत हार्लन घोड्यावरून पडला ते, तिथल्या बायांना नाचायला शिकवायचा ते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग विचारलं, हार्लन घरी माश्या कुठं बसून बांधायचा? मी म्हटलं, स्वयंपाकघरात. खिडकीकडं तोंड करून की पाठ करून? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तो माझ्या बोटांकडं बघत बसला. पूर्वीपासून असाच चौकस. चोरांना घराची माहिती लागतेच.

११ ऑक्टोबर

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी त्यानं त्याच्या डबीतल्या माश्या मला दाखवल्या. सगळ्या ‘गेज’. गुळगुळीत, फुगलेल्या, दुकानच्या लोकरीच्या. म्हणाला, तेवीस वर्षं बांधतोय, एकदाही ती हवी तशी पोहलेली नाही. तुझ्याकडं जुनी एखादी असेल तर दे.

मी माझी डबी उघडली. तापवलेल्या गळांच्या तिघींतली एक काढून दिली.

आणि मग माझी एक पंचाईत झाली. मासा लागल्याशिवाय गळ सरळ कसा होणार? म्हणजे आज नाव नीट वल्हवणं भाग होतं. तर मी वल्हवली. मीच म्हणते, आयुष्यात तशी वल्हवली नाही. वाऱ्यात कॉटनवूडची पानं पाण्यावर पडत होती आणि माझी नाव त्यांच्यापेक्षा हळू जात होती. दुपारी ओढ्याच्या तोंडाशी, पडलेल्या लार्चच्या बुंध्याखाली काळं पाणी आहे, तिथं मी नाव अशी धरली की नदीलाही कळू नये.

माशी बुडाली. पोहली. बुंध्याखालून एक पिवळी भिंत निघाली.

नर होता. जबडा आकड्यासारखा वळलेला, मांडीएवढी पाठ. असा मासा मी त्या नदीत तीनदा पाहिलाय. गेज दोन्ही हातांनी काठीला लटकला. मीच ओरडत होते, काठी वर, सैल सोड, ओढू नकोस मेल्या, सैल सोड. मी त्याच्यामागं नाव पळवली, वळवली, दगड चुकवले. गळ मऊ आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी सांभाळ, सांभाळ म्हणून मीच ओरडत होते. दहा मिनिटं तरी झाली असतील. मासा दमून कुशीवर आला. मी जाळं पाण्यात धरलं.

गळ सरळ झाला. मासा क्षणभर तिथंच राहिला, सुटल्याचं त्यालाही कळलं नसावं. मग खाली गेला.

आनंद झाला. खोटं कशाला लिहू, पोटभर झाला. गेज बाकावर बसला. त्यानं दोरी ओढून माशी तळहातावर घेतली आणि सरळ झालेला गळ बोटानं वाकवून बघितला.

“तापवलास ना?” तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, तापवला. तेवीस वर्षं मी तापतेय, गळानं थोडं सोसलं तर काय बिघडलं. हार्लनची माशी चोरलीस तू.

“चोरली नाही. हार्लननंच दिली. चिलीला ने, म्हणाला, आणि नाव खुशाल तुझं लाव.” त्यानं डोळा पुसला. “फक्त घरी कळू देऊ नकोस म्हणाला. बायको बांधते, तिच्या जिवाला लागेल.”

नाव आपसूक वाहत होती. मी वल्ही सोडली होती, असं आता आठवतं.

“चोरी झाली ती तुझी, वर्ला. आम्ही दोघांनी केली. हे सांगायलाच आलोय, मासे नुसतं निमित्त. मासिकाला पत्र लिहितो मी. नाव कुणाचं घालू, तेवढं तू सांग.”

मी वल्ही परत धरली. म्हटलं, “हार्लन टॉमलिन.”

“नक्की?”

“वल्ही माझ्या हातात आहेत गेज, आणि इथं पाणी खोल आहे.”

त्यानं मान हलवली. मी नाव काठाला लावली. उतरताना विचारलंन, लोकर कुठली ती? ते मी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

१२ ऑक्टोबर

खांदे भरून आलेत. मेलेल्या माणसावर ढकलून द्यायला काय लागतं? तो काही उठून बोलणार नाही. गेज आधी चोर होता, आता खोटारडाही झाला.

मला हवं होतं ते मिळालं. जिंकले मी. तारीख घालून लिहून ठेवते, जिंकले.

८ फेब्रुवारी

मासिक आलं. मेरिटनं दुकानात बोलावलं होतं. मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे त्याचं, बर्फात गावाला दुसरी बसायची जागा नाही. कोरलीही आली. मेरिटनं गेजचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ही माशी माझी नव्हे, टॅमरॅक नदीकाठच्या हार्लन टॉमलिन यांची आहे, मी तेवीस वर्षं श्रेय लाटलं, वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझी पाठ थोपटली. एकानं टोपी काढली. हार्लन कसा दिलदार, हार्लनचे हात कसे सोन्याचे, असं सुरू झालं. ऐकायला तेवीस वर्षं थांबले होते ते हेच. मी कॉफीचा पेला धरून उभी राहिले आणि मला पेला फेकून मारावासा वाटायला लागला. कुणाला, ते कळेना.

मग मेरिट टेबलाशी बसून माशी बांधायला लागला, सगळ्यांना दाखवायला. दुकानची लोकर, अंगठ्याएवढी जाड. हार्लननं मला स्वतः शिकवलंय, म्हणाला. मी म्हटलं, फार जाड झाली. तो हसला.

“वर्लाकाकू, ते हाताचं काम असतं, बघून नाही कळत. तुमच्या नवऱ्याची बोटं कशी चालायची, ते मी बघितलंय.”

“माझ्या नवऱ्याला बुटाची नाडी दोनदा बांधावी लागायची,” मी म्हटलं.

सगळे खो खो हसले. बिचाऱ्या नवऱ्याला मेल्यावरही सोडत नाही, म्हणाले. मी हसत नव्हते. ते फक्त कोरलीला दिसलं. ती हसायची थांबली आणि माझ्या हातांकडं बघायला लागली. अगदी गेजसारखी.

घरी येताना गाडीत ती एकदाच बोलली. “मावशी, तूच ना?” मी म्हटलं, रस्त्याकडं बघ, घसरण आहे.

१० फेब्रुवारी

दोन दिवस माणसांवर, भांड्यांवर, बर्फावर राग काढून झाला. आज सकाळी मासिकाच्या संपादकाला पत्र लिहायला बसले.

चार कागद फाडले. पहिल्यात मी हार्लनची बाजू घेतली होती, दुसऱ्यात गेजची, तिसऱ्यात चक्क मेरिटची. पाचव्यात एवढंच लिहिलं: हार्लन टॉमलिन खोटं बोलले. प्रेस्कॉट गेज खोटं बोलले. आणि सत्तावीस वर्षं त्या दोघांच्या खोट्याला मी जेवू घातलं. माशी मी बांधली. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात, माझ्या स्वयंपाकघरात, बाराव्या खेपेला. खाली पूर्ण नाव लिहिलं, वर्ला मे टॉमलिन. तिकीट लावून टपालपेटीत टाकूनच घरी आले, नाहीतर तो कागदही फाडला असता.

गेजला तीन दिवस नावेत बसवून छळता तरी आलं. हार्लनला कुठं गाठू? चिलीतली ती नाचणारी खुशी, ते गुणगुणत घरी येणं, आणि मी दारात त्याच्यासाठी गरम पाव घेऊन उभी. जाऊ दे गं वर्ला, म्हणे. माझं होतं म्हणून जाऊ देत होता.

हिवाळ्यात दर रविवारी मी झाडू घेऊन टेकडीवर जाते आणि त्याच्या थडग्यावरचा बर्फ झाडते. नाव दिसलं पाहिजे, नाहीतर गावातल्या दगडांत तो हरवेल असं मला वाटतं. परवा रविवार आहे. जाणार नाही. राहू दे नाव बर्फाखाली एक आठवडा, बघू दे कसं वाटतं ते.

दोन आठवडे.